बाकावरची चौथी जागा

मोलो, इलोईलो
३ मार्च १९६१

चि. तोतो यास थोरल्या बहिणीचे, मानांग फेलिसाचे अ. उ. आ.

आम्हा तिघी बहिणींना तू मनिलात संग्रहालय दाखवायला नेलंस तेव्हा वाटलं, वीस वर्षं सिनेमाचे फलक रंगवणाऱ्या धाकट्या भावाला बहिणींची माया आली. काल चारिंग मनिलाहून आली आणि खरं कळलं. आम्ही बाकावर टेकलो आणि तू मागे उभा राहून आम्हालाच वहीत खरडत होतास. आता त्याचंच मोठं तैलचित्र करतोयस म्हणे. चारिंग, पिलार आणि मधे मी, जोडे काढलेली, तोंड उघडं, गाढ झोपलेली, मांडीवर केळीच्या पानातला गोड भात.

झोपेचं सोड. पण तिघी? तिघांच्या चित्रात मधला आधी मरतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आपली मावशी, तिया लोलेंग, तिघींच्या फोटोत मधे बसली आणि तिने पुढचा नाताळ पाहिला नाही. बाकावर चौथं माणूस बसव. कुणीही चालेल, फक्त पिलारची सासू नको.

अजून जिवंत असलेल्या बहिणीवर लोभ असू दे.
फेलिसा

मनिला, ११ मार्च

ती. मानांगस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, राग पावला. तिया लोलेंग अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती आणि फोटोच्या आधीच पाद्री तिला दोनदा शेवटचा आशीर्वाद देऊन गेला होता.

यंदा संग्रहालय कुणी नाव न ऐकलेल्या चित्रकाराचं एक चित्र भिंतीवर लावणार आहे. निवड पंधरा एप्रिलला. माझं लागलं तर मी चित्रकार, नाहीतर तू गावभर सांगतेस तसा 'फलक रंगवणारा'. समितीतले एक प्राध्यापक खोलीवर येऊन गेले. तुम्हा तिघींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाकाच्या रिकाम्या टोकापुढे अर्धा तास उभे राहिले आणि म्हणाले, या रिकामेपणात आपला अख्खा देश आहे. तिथे काय काढावं हे मला सुचलं नव्हतं, एवढंच. पण आता देशावर कुणाला बसवू?

लोभ आहेच, भीती कमी व्हावी.
तोतो

मोलो, २० मार्च

चि. तोतो, अ. उ. आ.

देशाला म्हणावं, जरा सरकून बस.

मी मधे का बसले ठाऊक आहे? चारिंग आणि पिलार शेजारी बसल्या की भांडतात. तू चित्रं शिकायला जातो म्हणालास, तेव्हा तुझ्या आणि वडिलांच्या मधे कोण उभं होतं? आठवत असेल तर बघ. परवापासून माझ्या छातीत दुखतंय. डॉक्टर म्हणाले, वात आहे. पण त्याला आत्ताच मुहूर्त सापडला. मला भीती वाटते, तोतो. हसायचं तर हस.

चौथा म्हणून तूच बस. वीस वर्षं लोकांच्या मागे उभा राहून त्यांच्या घोरण्याला हसतोयस. पाय दुखत नाहीत का?

लोभ तुझ्या हाती.
फेलिसा

मनिला, १८ एप्रिल

ती. मानांगस, शि. सा. न. वि. वि.

बसलो. निवडीच्या आदल्या दिवशी रिकाम्या टोकावर स्वतःला काढलं. प्राध्यापकांनी पाहिलं, डोक्यावर हॅट ठेवली आणि गेले. समितीचा शेरा असा, की बाकावर गर्दी झाली आहे. भिंतीवर कलिंगडांचं चित्र लागलं. कलिंगडं तीनच आहेत, मधल्याची काळजी वाटते.

माझं चित्र बोटीने पाठवतोय. कोंबड्यांचं खुराडं झाकायला घेऊ नकोस. सोमवारपासून नव्या सिनेमाचं काम, नटीचे तीस फुटी ओठ. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. छाती कशी आहे?

लोभ असावा.
तुझा फलकवाला

मोलो, १० मे

चि. तोतो, अ. उ. आ.

छाती ठणठणीत आहे. चित्र बैठकीत लावलं आणि समोर बाक ठेवला. अर्धं मोलो येऊन बसून गेलं. येताना खायला आणतात, जोडे काढतात. पाद्री तर घोरले.

सगळे विचारतात, तो चौथा कोण, इतका अवघडून बसलेला? परवा नेहमीसारखं 'फलक रंगवणारा' म्हणायला गेले, पण जीभ रेटेना. म्हटलं, माझा भाऊ आहे, चित्रकार. त्यावर पिलारची सासू म्हणाली, मग हे मनिलाच्या संग्रहालयात का नाही? मी म्हटलं, त्यांना बाक रिकामा लागतो.

जुलैत आपल्या चर्चमधल्या सांता आनाच्या उत्सवाला ये. लोभ आहेच, आणि तुझी जागा धरून ठेवली आहे.
फेलिसा