सायकलवाटेच्या फाटकाचं कुलूप

ताईला समुद्रकाठाहून योगेंद्रचा नमस्कार.

मी धडधाकट आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

इथल्या खडीच्या सायकलवाटेवर एकही इंजिन शिरता कामा नये, असं मीच सभेत गरजलो. टाळ्या पडल्या, फाटकाला कुलूप लागलं. काल तिथे खडी पसरणाऱ्या, तुझ्याकडच्या डोंगरातल्या मोलगी गावच्या फत्तेसिंगला साप चावला. अँब्युलन्स फाटकाबाहेर अडली, किल्ली तालुक्याला. त्याच्या भावाने, ईश्वरने, बांबूला चादर बांधून झोळी केली. आम्ही ती घेऊन धावलो.

"भाऊ, आमच्या डोंगरात रस्ता नाही म्हणून झोळी. इथं रस्ता असून का?" तो धापा टाकत म्हणाला.

फाटकाशी पोचेपर्यंत फत्तेसिंगचा जीव गेला होता.

मी फाटक उखडूनच परतेन. तोवर तू मोलगीला त्याच्या बायकोकडे, भुरीबाईकडे जा. कुलूप माझ्या शब्दावर लागलं, हे ईश्वर संकोचाने सांगणार नाही. तू सांग. तिने नुसत्या सापाला दोष देऊ नये.

तुझा,
योगेंद्र