बांधावरची शेवटची हरकत

प्रिय लीस्बेथ,

नदी आज खालच्या कुरणात शिरली. तुमच्या बांध-कार्यालयाच्या ठेकेदाराची यंत्रं माझ्या कोठाराशेजारी नुसतीच उभी आहेत. अख्ख्या बांधावरच्या लोकांनी होकार दिला, अडलंय ते तुझ्या बापाच्या एका हरकतीपाशी. एप्रिलमध्ये बांध उंच करायचं काम सुरू झालं नाही, तर पुढचा हिवाळाही याच बुटक्या बांधामागे जीव मुठीत धरून काढायचा, हे मलाही कळतं. काल बेकरीत शेजारचा टोनिस सगळ्यांदेखत ओरडला, "म्हाताऱ्या, तुझ्या चार झाडांपायी आम्ही बुडायचं का?" त्याचं घर बांधाच्या अगदी पायथ्याशी, त्यात सुनेचं बाळंतपण तोंडावर आलेलं. मी पाव उचलला आणि बाहेर पडलो.

तू मात्र एकदाही चिडली नाहीस. मी म्हटलं नाशपातीची झाडं वाचवा, तर तुम्ही नकाशा बदललात. मग मी कोठारातली वटवाघळं पुढे केली. तू त्यांतला जाणकार घेऊन आलीस. ट्रकांनी भिंतींना तडे जातील म्हणालो, तर ट्रकांचा रस्ताच वळवलात. बापाचं प्रकरण लेकीकडे नको, असं तुझे साहेब सान्डर म्हणत होते. पण मी दुसऱ्या कुणाशी बोलेचना. एकदा ते स्वतः समजवायला आले, तेव्हा जाताना दारात पुटपुटले, "या माणसाचा काही नेम नाही." मला अजून ऐकू येतं म्हणावं! तू कॉफीत बिस्किट बुडवत म्हणायचीस, "बाबा, आता तरी सांगून टाका, नक्की काय हवंय?" मी नवं खुसपट काढायचो आणि तू पुढच्या मंगळवारी यायचं ठरवायचीस. तुझी आई गेल्यापासून तू फक्त नाताळला यायचीस, तेही घड्याळाकडे बघत.

आज दुपारी टोनिस दाराशी वाळूची पोती रचत होता. मी शेजारी उभा राहून पोती उचलू लागलो, पण त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला स्वतःची लाज वाटली. घरी आलो ते थेट तुमच्या कार्यालयात फोन करून हरकत मागे घेतली. तू बाहेर होतीस म्हणे.

तेव्हा मंगळवारी यायला आता तुला कामाचं निमित्त उरलेलं नाही. झाडं, वटवाघळं, तडे, यातलं मला काहीच नको होतं, पोरी. तू यावीस, एवढंच हवं होतं. बिनकामाची येशील का?

तुझाच,
बाबा