अप्पांच्या तपासणीचं खरं

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
ता. ४ मे १९८७

चि. गुरुलिंगास महानंदाअक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक. नळाला आठव्या दिवशी पाणी येतंय. मुखेडला टँकर तरी वेळेवर येतो का? लेकरांना जपा.

तुझं पत्र पोचलं. संडासला काळी होते, जेवण जात नाही, आणि तरी लिहितोस, "अक्का, दुर्बीण घालून काय फायदा? अप्पांना डॉक्टरांनी परतच पाठवलं ना?"

मागच्या महिन्यात माझीही दुर्बिणीची तपासणी झाली. तुम्हाला कळवलं नाही. लातूर जिल्हा झाल्यापासून इथेच सोय झालीय, सोलापूरला जावं लागत नाही. रात्री जेवलं की सकाळी पाणीसुद्धा घ्यायचं नाही. घशात कडू औषध मारतात, घसा बधिर होतो. डाव्या कुशीवर निजवतात, दातांत प्लास्टिकचं कडं देतात, मग बोटाएवढी नळी आत जाते. ओकारीची उबळ लई येते, डोळ्यांतून पाणी वाहतं, पण श्वास अडत नाही. नर्स पाठीवर हात ठेवून म्हणत होती, "मावशी, नाकानं श्वास घ्या. लाळ गिळू नका, वाहू द्या." पाच-सात मिनिटांत संपलं. आतला बारीक तुकडा तपासायला काढला, तो कळलाही नाही. नंतर बधिरपणा जाईपर्यंत तासभर पाणी देत नाहीत. मला अल्सर निघाला. गोळ्या चालू आहेत, आता भाकर खायला लागले.

तू गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या घेतोस, त्यांनीही पोटात जखम होते म्हणे, ते डॉक्टरांना आधी सांग.

बाहेर येऊन मी बाकावर रडत बसले. ह्यांना वाटलं, दुखतंय.

गुरू, अप्पांना डॉक्टरांनी परत पाठवलं नव्हतं. सोलापुरात नंबर पुकारला, तेव्हा अप्पांनी माझा हात धरला. "महानंदा, ती नळी नको गं. घरी ने मला." मी आणलं. तुम्ही विचारलंत आणि माझ्या तोंडून निघून गेलं, डॉक्टरच नाही म्हणाले. चार महिन्यांत अप्पा गेले, आपण बापाविना झालो. तपासणीनं वाचले असते का, मला माहीत नाही. पण किती थोड्या वेळाच्या त्रासाला भिऊन मी त्यांना माघारी आणलं, हे त्या बाकावर कळलं.

माझ्यावर राग धर. माझ्या खोट्यापायी तू मात्र थांबू नकोस. इथल्या दवाखान्यात तुझा शनिवारचा नंबर लावलाय, शुक्रवारच्या एस.टी.नं ये. मधे चक्कर आली तर शनिवारचीही वाट न बघता तडक दवाखाना गाठ.

मी तपासणीच्या खोलीच्या दाराशी बसून राहीन. घरी ने म्हणालास तरी नेणार नाही.

अक्का म्हणायचं की नाही, ते आल्यावर ठरव.

महानंदा