नळ बंद करून पाहिला

सोमवार, ता. २

सी… सी… सी! त्या आवाजानं जाग आली. उठून नळ पाहिला — घट्ट बंद. आवाज स्वप्नातला, माझ्या तरुणपणातला होता! पाणीपुरवठा खात्यात असताना लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला. जमिनीखालची गळती कानात कुजबुजायची. थोरले फिटर म्हणायचे, "कान दे. पाणी खोटं बोलत नाही."

माणसांना लावायला अशी सळई मिळती तर!

काल पेन्शन जमा झाली आणि आज वाण्याच्या तोंडात साखर. "काका, वाळलात हो! जपा जरा." औषधवाल्यानं स्वतःची खुर्ची दिली. न्हावी तर कात्री थांबवून म्हणाला, "मुलाकडे कायमचे नाही ना जाणार?" याला कुणी सांगितलं? मुलाचा फोन मी दार लावून घेतला होता.

बुधवार, ता. ४

मुलगा पुन्हा तेच. "बाबा, रविवारी गाडी घेऊन येतो. तिथं आहे कोण तुमचं?"

'बघू' म्हणून फोन ठेवला.

गुरुवार, ता. ५

सकाळी ओट्यावर फेऱ्या घालत नदीची कविता म्हणत होतो. शाळेत पाठ केलेल्या कविता रोज मोठ्यानं म्हणतो, सोडत नाही. नदी डोंगर उतरते तिथवर आलो आणि समोरच्या वेल्डरनं कटर लावला — खर्रर्र! कविता अर्ध्यात बुडाली. या माणसाशी माझं कधी जमलं नाही. दोनदा तक्रार केली आहे त्याची. माझ्या घराची दारं-खिडक्या लाकडी. त्याच्या गल्ल्यात माझा छदामही पडलेला नाही.

संध्याकाळी पोस्टातून निवृत्त झालेला मित्र भेटला. न्हाव्याचं कोडं सांगितलं तर खो-खो हसला. "अरे, तू फोनवर ओरडतोस! गल्लीभर ऐकू जातं." म्हणजे गळती माझ्याच घशातून!

मग म्हणाला, "गिरणी बंद पडल्यापासून ही गल्ली चालते कुणावर? आपल्यावर, म्हाताऱ्यांवर! मास्तर लेकीकडे गेले, तर शिंप्याला एक मशीन विकावं लागलं. दुभत्या गाई आपण. लाथासुद्धा गोड लागतात!"

तो हसला. मी तसाच घरी आलो. एवढ्या वर्षांचं ते 'काका, काका' — तेही बिलातच धरलेलं?

शुक्रवार, ता. ६

गळती सापडेना, की खात्यात आम्ही एकेका भागाचं पाणी बंद करून पाहायचो. तेच करतो. आजपासून मीच बंद! पडदे ओढले. फेऱ्या नाहीत, कविता नाही. बघू कोण येतं, आणि कशासाठी.

शनिवार, ता. ७

वाण्याचा फोन. "काका, सामान पाठवू का?" सामान! औषधवाला दाराबाहेरून ओरडला, "गोळ्या संपल्या असतील!" मी ओ दिली नाही. न्हाव्यानं खिडकीवर टकटक केली. आला असेल दाढीचं गिऱ्हाईक शोधत.

झालं समाधान. नळाला तोंड लावतात सगळे, विहिरीची चौकशी कुणी करत नाही. उद्या मुलाला हो म्हणणार. बॅग भरली. कवितांची जुनी पाठ्यपुस्तकं तेवढी बसेनात.

रविवार, ता. ८

सकाळीच दार वाजलं. मुलगा इतक्या लवकर? बॅग हातात घेऊनच उघडलं.

वेल्डर! काळा चष्मा कपाळावर, हात नुकते साबणानं घासलेले.

"कटर बंद ठेवलाय दोन दिवस. म्हटलं, आमच्यावर रुसलात."

तो पायरीकडे बघत राहिला. मग म्हणाला —

"काका, ती नदी डोंगर उतरली… पुढं काय झालं तिचं?"