पुलाखालून जाताना कडेची लेन

तीर्थरूप भावोजी,

नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण बारा तास प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसल्यापासून कंबर वाकत नाही, आणि न घातलेला साष्टांग घातला असं लिहिणं मला जमत नाही. तुमचा खांदा कसा आहे? गिअर टाकताना अजून कळ येते का? ताईला विचारलं तर ती म्हणते, "बरे आहेत," पण ती हे तुमचं प्लास्टर असतानाही म्हणत होती. फोनच केला असता, पण तुम्ही ट्रक चालवताना फोन उचलता आणि त्या पापात मला वाटा नको. म्हणून पत्र ताईच्या हाती देतोय.

आमच्या कार्यालयाने शहरातल्या द्रुतगती रस्त्यावर मालवाहू ट्रक नेमके कुठल्या लेनमधून जातात याचा अभ्यास काढला, हे तुम्हाला माहीत आहेच. (किती माहीत आहे, ते पुढे येईल.) कारण साधं आहे. रस्ता नव्याने करायचा आहे, आणि ज्या लेनवरून ट्रक जातात ती जाड करायची, बाकीच्या पातळ. चुकीची लेन जाड झाली, तर खरी लेन वर्षभरात फुटणार आणि तुमच्यासारख्यांचे टायर, स्प्रिंगचे पाटे आणि मणके तिच्यात जाणार. अहवालावर सही माझी आहे. एवढ्यासाठी मी तीन आठवडे नीट झोपलेलो नाही, आणि आमचे साहेब मात्र बैठकीतसुद्धा झोपतात.

या साहेबांना आम्ही 'अर्थात' म्हणतो, कारण ते प्रत्येक वाक्य तिथून सुरू करतात. अर्थात ट्रक कडेच्या लेननेच जातात, कारण नियम तसा आहे, असं त्यांचं मत मोजणीच्या आधीच ठरलं होतं. मी म्हटलं, मी तीन वर्षं खिडकीतून बघतोय, ट्रक मधल्या लेनने जातात. ते म्हणाले, अर्थात खिडकी हे साधन नव्हे. मग साधन म्हणून त्यांनी मला पादचारी पुलावर बसवलं, अंगात पिवळं जॅकेट, हातात तीन रकान्यांचा कागद. (जॅकेटच्या पाठीवर 'सर्वेक्षण' असं लिहिलं होतं. बहुधा मी हरवलो तर परत आणून द्यायला.)

पहिल्या तासातच अडचण आली. एक टँकर दोन चाकं कडेच्या लेनमध्ये आणि दोन मधल्या लेनमध्ये ठेवून गेला. मी प्रामाणिकपणे दोन्ही रकान्यांत अर्धा-अर्धा लिहिला आणि साहेबांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "अर्धा ट्रक म्हणजे अपघात. अपघाताचा फॉर्म वेगळा आहे." दुपारी एक आजी जिना चढून दमल्या, माझ्या शेजारी टेकल्या आणि मी काय मोजतोय ते विचारलं. ट्रक कुठून जातात ते बघतोय, असं मी सांगितलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं. "रस्त्यावरून जातायत की," म्हणाल्या. मग माझ्या चष्म्याकडे बघत, "शिकलेले दिसता." त्या दिवसातलं तेवढंच एक निरीक्षण निर्दोष होतं.

कारण बाकीचं सगळं बिनसलं होतं. दोन हजार तीनशे सोळा ट्रक आले आणि तो अर्धा-अर्धा टँकर धरला नाही, तर एक सोडून सगळे कडेच्या लेनने गेले. शाळेच्या रांगेसारखे, एकामागे एक, काही तर काचेतून हात वर करून. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी आकड्यांच्या कागदावर हात ठेवून चहा मागवला. मी घरी आलो आणि रोजनिशीत लिहिलं, "माझी खिडकी खोटी ठरली. नम्रपणे मान्य." दोन दिवस मी खरोखर नम्र होतो. बायकोने ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन. "झालं ना रे नीट? यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं." आणि तिने ट्रकवाल्यांच्या ग्रुपवरचा तुमचा संदेश मला पाठवला. तो मी रोजनिशीत उतरवून घेतलाय: "बंधूंनो, मंगळवारी पादचारी पुलावर आपला मेहुणा बसणार आहे. पिवळं जॅकेट, जाड चष्मा. पूल येईपर्यंत कडेची लेन धरा. पूल गेला की मोकळे. गरीब माणूस आहे, त्याची नोकरी सांभाळा."

गरीब माणूस हे मी सोडून देतो. पण तुम्हाला दोष तरी कसा देऊ? आदल्या रविवारी तुमच्या ओट्यावर बसून मीच म्हटलं होतं, "भावोजी, निदान माझ्यासमोर तरी कडेने जा, माझी लाज काढू नका." तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "कडेच्या लेनमध्ये दर दोन मिनिटांनी कुणीतरी बाजूच्या रस्त्यावरून पोटात शिरतं, तिथे कोण जातो?" मीच उत्तर ऐकलं, आणि मीच प्रश्न बिघडवला. साहेबांना मी मूर्ख म्हणत होतो. पण त्यांनी फक्त ठरवून मोजलं. मी बदलून मोजलं.

खरं सांगून टाकायचं धाडस झालं नाही. मी म्हटलं, साहेब, आकडे इतके चांगले आलेत की वरच्यांचा विश्वास बसणार नाही, एकदा फेरमोजणी करू. त्यांना ती स्तुती वाटली. पुढच्या गुरुवारी परत पुलावर आहे.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. खांदा शेकत चला.

तुमचा,
पुलावरचा

ता. क. खरं काम हे की तुमच्या मंडळींना कळवा, गुरुवारी नेहमीसारखे जा.

ता. क. २. वरचं वाचून पाहिलं. तसं कळवलंत तर सगळे मुद्दाम मधल्या लेनने येतील आणि हातही करतील. त्यापेक्षा मेहुण्याची बदली झाली, एवढंच कळवा. मी जॅकेट न घालता जिन्याआड बसेन. (हे खोटं आहे आणि मी ते लेखी मागतोय, याची मला जाणीव आहे.)

ता. क. ३. मंगळवारी मधल्या लेनमधून गेलेला तो एकमेव ट्रक तुमचा होता. अकरा चाळीस, निळी केबिन, दोनदा हॉर्न. सगळ्या जगाला कडेने पाठवून स्वतः मात्र नेहमीच्या वाटेने गेलात. त्या दिवसातली ती एकच खरी नोंद. ती साहेबांनी नाही, मीच खोडली. नात्यातला ट्रक मोजला तर पक्षपात होईल म्हणून. शेजारी सहीही केली आहे. तेव्हा गुरुवारी कृपा करून दुसऱ्या रस्त्याने जा, नाहीतर मला पुन्हा खोडावं लागेल.