चौथ्या गाण्यातला ठोका

बाबूपेठ, चंद्रपूर
दि. २ मे १९९९

ती. सौ. माधवीताईस,
सा. जयभीम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आई बरी आहे, गुडघे सोडून. श्रीहरीभाऊजींले जयभीम सांग. त्यांच्या आश्रमशाळेतल्या पोट्ट्यांले अजून गणिताचं भेव वाटते, का आता भाऊजींचंच वाटते?

खरी बातमी पुढं आहे. फैजच्या अब्बांनी, आपल्या कॅसेटवाल्या बाबूभाईंनी, नागपूरहून न खपलेल्या विदेशी कॅसेटींचं पोतंच आणलं, किलोच्या भावानं. आतली गाणी पुसायची, त्याच्यावर लग्नातली भरायची अन् विकायची, असा त्यांचा बेत. फैज अन् मी पुसायच्या आधी एकेक ऐकून राह्यलो. ताई, काय सांगू तुले! आपण आजवर ऐकलं ते सारं मोठ्या कंपनीचं, घासूनपुसून चकचकीत केलेलं. हे कोणत्या गावचे पोट्टे, कोणाचे कोण, काई पत्ता नाई. कव्हरं फाटलेली. दोन गिटारी, एक ढोल, अन् गाणारा असा का जसं बाजूच्या खोलीत कोणी झोपलं आहे. पण गिटार वाजली का हातातलं काम तसंच राहून जाते. मधातच कुत्रं भुंकते, खुर्ची करकरते, कोणी हसते, अन् यांनी ते काढलंच नाई! राहू दिलं तसंच. त्याच्यानंच तर ते खरं वाटते.

बाबूभाईंची नजर चुकवून आम्ही ढीगभर वाचवल्या. तिकडं त्या पोट्ट्यांले माहीतही नसंन का आपलं गाणं चंद्रपुरात वाचलं म्हणून.

मग आमालेही खाज सुटली. मी जुनी गिटार घेतली, फैज ढोल वाजवते, अन् आम्ही आपल्या बोलीत गातो. एक रिकामी खोली सापडली, कितीही बोंबला, कोणी ओरडत नाई. कुठी ते विचारू नको, आईच्या कानावर जाईन. आमच्या पाच गाण्यांची कॅसेट सोबत धाडली आहे. लहानपणी विहारात तू गायची तवा पेटीवालाही तुझ्याकडं पाहून सूर धरायचा. तुझ्यासारखा कान घरात कोणाले नाई. काय काय ऐकू येते ते सारं लिही, लाज राखू नको.

भावावरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा,
संघपाल


भामरागड
दि. ३० मे १९९९

चि. संघपाल यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

कॅसेट मिळाली. इथी लाइट असते कमी अन् जाते जास्त, म्हणून सेल टाकून ऐकली. तुझे भाऊजी म्हणाले, हा गाऊन राह्यला का दात दुखून राह्यला? मी म्हटलं, तुमाले नाई कळत, बसा गप.

लाज राखू नको म्हणतो तर ऐक. पहिलं गाणं तू त्या विदेशी पोट्ट्यांची नक्कल करून गायलं. दुसऱ्यात गिटार उतरली आहे, वरची तार कसून घे. तिसऱ्यात रडतो. पण चौथं, ते खदानीच्या भोंग्याचं! अगा माय, अंगावर काटा आला. भोंगा झाला तरी बाप घरी आला नाई अन् पोरगं दारात उभं आहे, ते तू बाबांवरूनच केलं ना? बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझं गाणं ऐकता ऐकता मी दाराकडं पाहिलं.

आमच्या दवाखान्यातली दाई बायनाबाई बाजूले बसली होती. तिले मराठी जेमतेम. गाणं संपल्यावर तिनं विचारलं, मागं कोण कांडून राह्यलं? म्हणून मी पुन्हा लावलं. खरंच! फैजच्या ढोलाच्या खाली अजून एक ठोका आहे. ठक्क. मग किती वेळ काई नाई, अन् पुन्हा ठक्क. जिथी वाटते तिथी कधीच येत नाई. सारं गाणं मी त्याचीच वाट पाहत बसली. फैजले माझी शाबासकी सांग. आपल्या विहारातला ढोलकीवालाही असा ठोका काढत नाई. तो काढून टाकू नको, संघपाल. गाण्यात जीव आहे तो त्याच्यानंच आहे. माझ्या कानावर भरोसा ठेव.

खोली कुठी ते मले सांगाले काय झालं? मी आईले नाई सांगत.

वेळेवर जेव, अन् माझ्या बोलण्याचा राग आला तर तो पत्रातच काढ.
तुझी,
ताई


बाबूपेठ, चंद्रपूर
दि. ११ जुलै १९९९

ती. सौ. ताईस,
सा. जयभीम वि. वि.

तुझी शाबासकी फैजले सांगितली. तो म्हणते, मी तो ठोका मारलाच नाई. मीही नाई मारला. मग आम्ही खोलीत वाजवणं बंद करून चूपचाप बसलो, तर काय, ठक्क! खालच्या अंगानं येते, पूर्वेच्या कोपऱ्यातून. फैज म्हणते पत्रा तापते. मी म्हणतो दाराचं जुनं लाकूड फुगते. काई असो, फुकटचा वादक भेटला.

आता आनंदाची बातमी. फैजनं ती कॅसेट मुंबईच्या एका माणसाले पाठवली होती. तो आपल्या घरूनच अशा कोणी न ऐकलेल्या पोट्ट्यांच्या कॅसेटी काढते. त्याचं पत्र आलं! त्यानं पहिल्याच ओळीत विचारलं का तो ठोका कुठून आणला. त्याच खोलीत, त्याच ठोक्यावर अजून एक गाणं करा, ऑगस्ट संपायच्या आत धाडा, मी कॅसेट काढतो, असं त्यानं लिहिलं. ताई, आमची कॅसेट! तुझा कान अन् मुंबईवाल्याचा कान एकच निघाला.

आता खोली सांगतो. खदानीच्या जुन्या कॉलनीतला, बाबांले भेटलेला आपलाच कॉर्टर! खदान बंद झाली तवापासून त्या लायनीत कोणी नाई, बाभळी माजल्या. मी तिथी जन्मलो पण मले काईच आठवत नाई, म्हणून बरं वाटते तिथी बसाले. पाऊस लागल्यापासून ठोके वाढले, कधी तर ताल धरल्यासारखे येते. दार मात्र जाम झालं, खांदा मारून उघडावं लागते. मागच्या भिंतीले भेग पडली, ती एक बरी झाली, तिच्यातून टेपमशीनची वायर बाहेर काढता येते.

नवीन टेप सोबत आहे. आईले बोलू नको. कॅसेट निघाली का तिच्या हातातच देतो.

नदी भरायच्या आत उत्तर धाड, अन् मायेले टपालखर्च लागत नाई, ती तेवढी जास्त धाड.
तुझा,
संघपाल


भामरागड
दि. ८ ऑगस्ट १९९९

चि. संघपाल,
आशीर्वाद.

हे पत्र हातात पडल्याबरोबर त्या घरातून निघ. गिटार राहू दे, मशीन राहू दे. फैजचा हात धर अन् बाहेर हो. मग पुढचं वाच.

तुझं पत्र अन् टेप मले काल भेटली. पर्लकोटा नदीले पूर आहे, पूल पाण्याखाली गेला, टपाल पल्याडच अडकून होतं. काल घडीभर पाणी उतरलं तवा आलं, रात्री पुन्हा भरलं. तू कॉर्टर लिहिलं ते वाचून मनात पाल चुकचुकली, पण म्हटलं आधी ऐकून तर घेऊ. टेप पडवीत लावला अन् मी आत भांडी घासत होती. तुझा आवाज भिंतीआड राहिला. गिटारही राहिली. भिंतीतून आत आला तो फक्त ठोका. माझ्या हातातलं गंज खाली पडलं.

संघपाल, तो आवाज मले माहीत आहे रे. तू पाळण्यात होता तवा मी त्याच घरात चटईवर झोपायची, अन् कानाखाली हेच वाजायचं. ठक्क. मी बाबांले विचारलं तर ते म्हणाले, खालून कोळसा काढला, वरची जमीन थोपवाले लाकडाचे खांब लावले, त्याच्यावर आपण झोपलो. ते खांब तडकून राह्यले. पुढं मागच्या लायनीतल्या लटारूकाकांचं सैपाकघर चुलीसकट जमिनीत गेलं. काकू तवा पाण्याले गेली होती म्हणून वाचली. त्याच हप्त्यात बाबांनी आपल्याले तिथून हलवलं. खदान बंद झाली म्हणून ती लाइन रिकामी नाई झाली, राजा. तुले कोणी सांगितलंच नाई.

बाबांचं एक बोलणं अजून कानात आहे. खांब बोलते तवर भ्यायचं नाई, सामान उचलायचं. बोलणं बंद झालं का सामानाले हात नाई लावायचा, पोरं उचलायची अन् पळायचं.

अन् मीच तुले म्हटलं, ठेव म्हणून. मीच शाबासकी धाडली. माझ्या कानाले आग लागो. इथला फोन बंद आहे, एसटी बंद आहे. भाऊजी दोन डाव नदीवर जाऊन परत आले. आता मुखरू म्हणून एक जण पुरात डोंगा घालतो, पल्याड जातो म्हणते, त्याच्यापाशी हे पत्र देऊन राह्यली. तो आलापल्लीले टपालात टाकंन. माझं आजवर कधी ऐकलं नाई तरी चालते, एवढं ऐक.

तू बाहेर आला एवढंच लिही, बाकी एक ओळ नको.
ताई


बाबूपेठ, चंद्रपूर
दि. १४ ऑगस्ट १९९९

ती. सौ. ताईस,
सा. जयभीम वि. वि.

तुझं पत्र नाई. भामरागडचा रस्ता बंद आहे असं पेपरात वाचलं, म्हणून राग नाई धरत. हेही तुले कवा पोचते कोण जाणे, पण मन लागत नाई म्हणून लिहितो.

ताई, आमचं नशीबच खोटं. गाणं जमलं, मशीन जमली, अन् नेमका तो ठोका बंद झाला! मागच्या रविवारपर्यंत इतका वाजत होता का फैज म्हणे, आता मले सुट्टी द्या. सोमवारपासून काई नाई. आम्ही रोज जाऊन बसतो. पाऊस पडून राह्यला, पण आत असं चूप का आपलाच श्वास टेपात येते. फैज म्हणते खोलीतला जीव गेला, मुंबईवाल्याले तसं लिहून टाकू. मी म्हटलं, नाई. ताईनं सांगितलं का गाण्यात जीव त्याच्यानंच आहे, अन् तिचा कान कधी चुकत नाई.

म्हणून ठरवलं. उद्या पंधरा ऑगस्ट, सुट्टी आहे. झेंडावंदन झालं का डबा घेऊन तिथीच जाऊन बसतो. ढोल नाई, गिटार नाई. पूर्वेच्या कोपऱ्यात माइक जमिनीले टेकवून ठेवू, अन् मी बाजूलेच आडवा होऊन कान लावतो. दार आता आतून लावलं का लवकर उघडत नाई, ते बरंच आहे, कोणी मधात येऊन आवाज करणार नाई. तो परत बोलेपर्यंत उठायचं नाई.

आईचे गुडघे पावसानं दुखते. भाऊजींले जयभीम सांग.

कान आमच्याकडं ठेव, माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
संघपाल