भाकरी थापायचा हात

डॉक्टरसाहेब, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला उर्दू लिहिता येत न्हाय. उतारवयात कुठं ही अक्षरं हाती आली, म्हणून लिहिते.

आमच्या वाशी गावाहून भावानं मला बैलगाडीत घालून धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात आणलं तेव्हा निजामाचं राज्य होतं. बाळंतपणानंतर माझं डोकं फिरलेलं. सासूनं लेकरू काढून घेतलं, आणि मी माझ्याच मनगटावर विळा चालवला. एकही बोट वाकत नव्हतं. भाऊ दारात पाठ करून बसला, लाज वाटत होती त्याला. तुमचा कंपाउंडर फडकं दाबून धरत म्हणतोय, "साहेब, येडी हाय ही. वरची कातडी शिवून टाका. आतल्या शिरा जोडून काय उपयोग, उद्या पुन्हा तेच करंल." मला सगळं ऐकू येतंय. येड्या माणसाला कान नसतात असं लोकांना का वाटतं, देव जाणे.

तुम्ही स्टूल ओढून माझ्याजवळ बसलात. "बेटी, इस हात से क्या काम करती तू?" घरी मला बांधायचे, खाऊ घालायचे, माझ्यावरून उतारा टाकायचे, पण विचारायचं न्हाय कुणी. मी म्हणाले, "भाकरी थापते." कंपाउंडर हसला. तुम्ही हसला न्हाय. "फिर तो पाँचों उंगलियां होना," पाचही बोटं पाहिजेतच, असं म्हणालात आणि क्लोरोफॉर्म मागवलंत.

हाताला फळी बांधलीत, पण मला खाटेला बांधू दिलं न्हाय. फळी निघाल्यावर रोज एकेक बोट हलवायला लावायचात. हललं न्हाय की रागवायचात, शहाण्या माणसावर रागवावं तसं. लई बरं वाटायचं.

पुढं राज्य बदललं. तुम्ही हैदराबादला गेलात आणि तिथंच वारलात असं कानावर आलं. माझं डोकं हळूहळू ठिकाणावर आलं, पण सासरी कुणाचा विश्वास बसला न्हाय. भावाकडं राहिले. आता तोही गेला. एकटीपुरती भाकरी करते. करंगळी तेवढी वाकडी राहिली.

हा कागद घडी करून घरातच ठेवणार हाय, म्हणून सांगते. भाकरीचं मी उगीच म्हणाले. खरं बोलले असते तर कंपाउंडर आणखी हसला असता. मला तो हात लेकराला घ्यायला पाहिजे होता. हात तुम्ही चांगला करून दिलात, साहेब. लेकरू मात्र त्या हातात कुणी दिलं न्हाय.